जंगलाच्या हिशोबात हवा

उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे करायचे ठरले की माती तपासली जाते, पाण्याची सोय बघितली जाते, बी कुठून आणायचे ते ठरते, गुरांपासून आणि वणव्यापासून राखण कशी करायची याचा खर्च धरला जातो. हवा मात्र गृहीत धरलेली असते. ती सगळीकडे आहे, ती फुकट आहे, आणि झाडे तर हवा स्वच्छ करतात अशी आपली पक्की समजूत आहे. मग हवेमुळेच झाड खंगू शकते हा विचार योजनेच्या कागदावर येणार कुठून? या प्रकरणात जे मांडायचे आहे ते नेमके हेच. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन झाडाला सहसा थेट मारत नाही. तो झाडाची ताकद वर्षानुवर्षे चोरत राहतो आणि दुष्काळ, उष्णतेची लाट, कीड यांच्या तोंडी त्याला दुबळे करून सोडतो. तापमान वाढत असताना ही चोरी अधिक महागात पडते. म्हणून कुठे, कोणते आणि कोणत्या बियाण्याचे रोप लावायचे हे ठरवताना हवा मातीइतक्याच काळजीने मोजून घेतली पाहिजे. ज्या जंगलांत ती मोजली गेली, तिथला अनुभव या म्हणण्याला भक्कम आधार देतो.

ओझोन म्हटले की शाळेच्या पुस्तकातला आकाशातला थर आठवतो. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा तो थर अतिनील किरण अडवतो आणि तो टिकलाच पाहिजे. रेणू तोच, पण जमिनीलगत आला की तो जिवंत पेशींना जाळणारा वायू होतो. कोणत्याही धुराड्यातून तो थेट बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. वाहने, वीजकेंद्रे आणि कारखाने यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. इंधनाच्या वाफा, रंग, द्रावके आणि खुद्द झाडे यांतून सेंद्रिय बाष्पे निघतात. प्रखर उन्हात या दोहोंची प्रक्रिया होऊन ओझोन बनतो. याचे रसायनशास्त्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने उलगडले. जंगलांच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची बाब अशी की शहराच्या ऐन मध्यात ताजा धूर ओझोनला काही प्रमाणात खाऊन टाकतो. ओझोन साठतो तो वाऱ्याच्या दिशेला, शहरापासून काही तासांच्या अंतरावर, म्हणजे नेमका जिथे डोंगर आणि जंगल असते तिथे. सपाटीवर रात्री ओझोन जमिनीला लागून नाहीसा होत जातो, तर उंच कड्यांवर तो रात्रभर बऱ्यापैकी टिकून राहतो. थंड हवेच्या ठिकाणची हवा शहरापेक्षा सर्वच बाबतींत स्वच्छ असते, हा समज ओझोनच्या बाबतीत खरा ठरत नाही.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनो नावाची डोंगररांग आहे. पॅसिफिकवरून येणारा वारा दिवसभर शहराचा धूर या रांगेकडे ढकलत नेतो. १९५० च्या दशकात तिथल्या पॉन्डेरोसा पाइनच्या झाडांना कसला तरी रोग लागल्याचे लक्षात आले. बुरशी सापडेना, कीटक सापडेना. रोगाला नाव देता येईना, म्हणून त्याला ‘एक्स’ रोग म्हणू लागले. १९५८ मध्ये द्राक्षाच्या पानांवरचे ठिपके ओझोनचे आहेत हे सिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये पॉल मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइनला ओझोन देऊन हुबेहूब तीच लक्षणे उमटवून दाखवली. ‘एक्स’ रोगाचे कारण लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर निघाले. त्या काळात खाली खोऱ्यात तासाभराची ओझोनची पातळी हवेच्या अब्ज भागांत ५०० भागांच्याही वर जाऊन आलेली होती. १९६९ मध्ये हवाई छायाचित्रांवरून पाहणी झाली तेव्हा एक लाख एकरांहून मोठ्या टापूत सुमारे १३ लाख पाइन वृक्षांना कमी-अधिक इजा झाल्याचा अंदाज निघाला.

ही इजा दिसते कशी? पाइनची एक सुई हातात घेऊन उन्हाकडे धरली तर हिरव्या रंगात फिकट पिवळे डाग दिसतात. त्यांच्या कडा धूसर असतात, हिरवा रंग हळूहळू पिवळ्यात विरतो. थंडीने पडणाऱ्या डागांच्या कडा ठसठशीत असतात आणि ते सुईच्या उघड्या, वरच्या बाजूलाच असतात. सरावलेला माणूस दोन्हींत गफलत करत नाही. दुसरी खूण फांदीवर सापडते. पॉन्डेरोसा दरवर्षी सुयांचा नवा झुबका काढतो आणि निरोगी झाड तीन-चार वर्षांचे झुबके एकाच वेळी अंगावर बाळगते. ओझोनने पिडलेल्या झाडावर एक किंवा दोनच वर्षांच्या सुया उरतात, त्याही शेंड्याकडे. बाकीची फांदी उघडी पडलेली असते. मिलर यांनी या झुबक्यांच्या मोजणीवरून इजेची प्रतवारी लावण्याची पद्धत बसवली. दुर्बीण आणि चिकाटी एवढ्या साधनांवर एका अख्ख्या डोंगररांगेची प्रकृती त्यातून नोंदता आली. साध्या निरीक्षणावर उभे राहिलेले हे काम मला वनशास्त्रातल्या सर्वांत मोलाच्या कामांपैकी एक वाटते.

पानाच्या आत जे घडते ते असे. पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, कार्बन डाय-ऑक्साइड आत घेण्यासाठी उघडतात आणि त्याच वाटेने ओझोन आत शिरतो. पेशींच्या भोवतीच्या ओलाव्यात तो विरघळतो आणि त्यातून अतिशय तिखट प्रवृत्तीचे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. पानाकडे बचाव असतो, त्यात क जीवनसत्त्वाचा वाटा मोठा असतो. पण हा बचाव आणि नंतरची डागडुजी साखर खर्च करूनच होते. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मंदावते, पान अकाली म्हातारे होते, आणि उरलेली साखर झाड आधी नव्या पानांकडे वळवते. वाटणीत सगळ्यात शेवटी राहतात ती मुळे. शेतकऱ्याच्या घरात भरलेली कणगी जशी पुढच्या वाईट सालासाठी असते, तसा मुळांत साठवलेला स्टार्च झाडाच्या वाईट सालासाठी असतो, आणि ओझोन नेमकी ही कणगी रिकामी ठेवतो. वरून झाड हिरवे दिसते, उंचीही वाढत असते. खाली मुळांचा पसारा आखूड राहिलेला असतो. सॅन बर्नार्डिनोत प्रदूषित टोकाकडून स्वच्छ टोकाकडे जाताना मुळांची मोजणी केली तेव्हा हाच फरक हाती आला.

आता यावर रास्त आक्षेप येतो. सॅन बर्नार्डिनोतली झाडे मेली ती साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी, २००२-०३ च्या भीषण दुष्काळाने आणि ऑक्टोबर २००३ च्या महावणव्याने. शिवाय शतकभर आगी विझवत राहिल्याने जंगल बेसुमार दाट झाले होते आणि एकेका झाडाच्या वाट्याला पाणी कमी येत होते. मग ओझोनवर खापर कशाला? यातले प्रत्येक विधान खरे आहे आणि ओझोन हे एकमेव कारण असल्याचे कोणी जाणता माणूस म्हणत नाही. पण ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. निरोगी पाइन खोडात शिरू पाहणाऱ्या भुंगेऱ्याला राळेच्या दाबाने बाहेर ढकलतो. १९६० च्या दशकातच दिसून आले की ओझोनने पिडलेल्या झाडांत राळेचा दाब कमी असतो आणि भुंगेरे अशाच झाडांवर अधिक येतात. अकाली गळालेल्या सुया जमिनीवर थर करून साचतात आणि आगीला सरपण पुरवतात. प्रदूषित हवेतून ओझोनबरोबर नायट्रोजनही बरसतो. त्याने वरची वाढ फोफावते आणि मुळे आणखी मागे पडतात. दुष्काळ पडला तेव्हा आखूड मुळांचे आणि मोठ्या पानोऱ्याचे झाड तहानेने आधी गेले. मृत्यूच्या दाखल्यावर भुंगेरा किंवा दुष्काळ लिहिला गेला तरी झाडाची प्रतिकारशक्ती कोणी संपवली हा प्रश्न उरतोच. लागवडीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे, कारण मेलेल्या झाडाच्या जागी लावलेले नवे रोप त्याच हवेत वाढणार असते.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. दुष्काळात झाड पाणी वाचवण्यासाठी रंध्रे मिटून घेते. ओझोन त्याच दारातून आत येतो. तेव्हा दुष्काळ उलट ओझोनपासून संरक्षणच देत नाही का? देतो, आणि याचा पुरावा जर्मनीत मिळाला. म्युनिकजवळच्या क्रान्झबर्ग जंगलात २००० ते २००७ अशी आठ वर्षे मोठ्या, वाढलेल्या बीच आणि स्प्रूस वृक्षांच्या शेंड्यांत नळ्या सोडून ओझोनची पातळी भोवतालच्या दुप्पट ठेवण्यात आली. २००३ साली युरोपात अभूतपूर्व उन्हाळा पडला. हवेत ओझोन भरपूर होता, पण झाडांनी रंध्रे मिटली होती आणि पानांत शिरलेला ओझोन कमी भरला. त्या एका उन्हाळ्यापुरता आक्षेप खरा ठरला. आठ वर्षांचा हिशोब मात्र वेगळा लागला. ओझोन दिलेल्या बीच वृक्षांच्या खोडाची घनफळातली वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी कमी भरली. हे नुकसान खोडाच्या मोजमापातून दिसले. शिवाय रंध्रे मिटण्याचे संरक्षण घेणारे झाड उपाशीही राहते, कारण कार्बन डाय-ऑक्साइडही त्याच दारातून येतो. त्यातही दीर्घकाळ ओझोन सोसलेल्या पानांची रंध्रे ढिली पडतात. ऊन चढले, हवा कोरडी झाली तरी ती वेळेवर मिटत नाहीत आणि पाणी उडून जात राहते. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलॅचियन डोंगरांतल्या जंगलांत ओझोन जास्त असलेल्या दिवसांत झाडांचा पाण्याचा वापर वाढल्याचे आणि त्याचा परिणाम ओढ्यांच्या उन्हाळी प्रवाहावरही होत असल्याचे दिसून आले आहे. दुष्काळ आणि ओझोन एकाच दिवशी एकमेकांना अडवत असतील, पण एका वर्षाचा ओझोन पुढच्या वर्षाच्या दुष्काळाला वाट करून देतो.

मग हवेत वाढत चाललेला कार्बन डाय-ऑक्साइड झाडांना खतासारखा उपयोगी पडून ही तूट भरून काढणार नाही का? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऱ्हाइनलँडरजवळ १९९८ पासून दशकभर चाललेला प्रयोग याच प्रश्नासाठी होता. उघड्या माळावर रोपांच्या गोल वाफ्यांभोवती नळ्या उभारून काहींत कार्बन डाय-ऑक्साइड, काहींत ओझोन, काहींत दोन्ही वाढवले. नुसत्या ॲस्पेनच्या वाफ्यांत सात वर्षांनी कार्बन डाय-ऑक्साइडमुळे एकूण वजन सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, ओझोनमुळे सुमारे २३ टक्क्यांनी घटले, आणि दोन्ही एकत्र असता ते साध्या हवेतल्या वाफ्यापेक्षाही सुमारे ८ टक्के कमी भरले. ॲस्पेनबरोबर बर्च किंवा मेपल लावले तिथे चित्र कमी वाईट होते. दोन्ही वायू एकत्र असूनही तिथे वाढ साध्या हवेपेक्षा वरच राहिली. तेव्हा तोंडमिळवणी होते की नाही हे कोणत्या झाडांची सोबत आहे यावर ठरते. एकाच जातीची रांगेत केलेली लागवड ओझोनपुढे सर्वांत कच्ची पडते. मिश्र लागवडीच्या बाजूने आजवर जैवविविधतेची कारणे दिली जात आली, त्यांत हे एक आणखी वजनदार कारण जोडले पाहिजे.

त्याच प्रयोगातून निसर्ग आपोआप मार्ग काढतो असे म्हणणाऱ्यांनाही आधार मिळतो. काळ लोटला तशी नाजूक झाडे मागे पडली, ओझोन सोसणारी झाडे त्यांची जागा घेऊ लागली आणि एकूण उत्पादनातला ओझोनचा तोटा भरून निघाला. प्रदूषित भागांतल्या ॲस्पेनमध्ये सोशिक वाण अधिक सापडतात हेही पूर्वीपासून माहीत आहे. निवड खरोखर होते. पण तिची किंमत बघायला हवी. ओझोनला नाजूक म्हणून जी झाडे गेली, त्यांच्यात थंडी सोसण्याचे किंवा एखाद्या बुरशीला तोंड देण्याचे गुण असू शकतात, तेही त्यांच्याबरोबर गेले. ज्या काळात हवामान दर दशकाला बदलते आहे, त्या काळात गुणांचा साठा जितका मोठा तितके जंगल सुरक्षित. शिवाय ॲस्पेन मुळांपासून फुटवे काढून झटपट पसरतो. दोन-तीनशे वर्षे जगणाऱ्या आणि सावकाश बी धरणाऱ्या वृक्षांना इतक्या घाईने निवड करायला सवडच नसते.

अशा सावकाश वाढणाऱ्या वृक्षांचे उदाहरण मेक्सिको सिटीच्या नैर्ऋत्येला आहे. देसिएर्तो दे लोस लिओनेस हे मेक्सिकोचे पहिले राष्ट्रीय उद्यान, १९१७ साली जाहीर झालेले. त्याच्या नावात वाळवंट असले तरी ते ओयामेल नावाच्या फर वृक्षांचे दाट, ओले जंगल आहे आणि तिथल्या झऱ्यांचे पाणी कधीकाळी शहराला पुरत असे. शहर २,२४० मीटर उंचीवरच्या खोऱ्यात, चहूबाजूंनी डोंगर, आणि ईशान्येचा वारा धूर थेट या उताराकडे नेणारा. १९८० च्या दशकात इथली ओयामेलची झाडे पट्ट्यापट्ट्याने वाळू लागली. जुन्या सुयांच्या वरच्या बाजूला फिकट ठिपके, मग तांबूसपणा, मग गळ. झऱ्यांचे पाणी ओढून नेणे, साल पोखरणारे किडे, झाडांचे वय अशी कारणेही पुढे आली आणि त्यांचा वाटा नाकारण्याजोगा नाही. पण शेजारच्या डोंगरांतल्या पाइनवर ओझोनची लक्षणे आधीच नोंदली गेली होती आणि शहराचा ओझोन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत वाईट पातळ्यांपैकी होता. या जंगलातली एक बाब लागवड करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेजारी-शेजारी वाढणाऱ्या, सारख्याच वयाच्या रोपांत एक तांबूस होऊन खंगते आणि दुसरे हिरवेगार राहते. हा फरक केवळ योगायोगाचा नाही. मेक्सिकोतले शास्त्रज्ञ अशा जोड्यांतली जनुके कशी वेगळी वागतात हे तपासत आहेत, कारण बी कोणत्या झाडाचे घ्यायचे याचे उत्तर तिथे दडले आहे.

ओयामेलवर दुसरे संकट हवामानाचे आहे. हे थंड आणि ओल्या कड्यांचे झाड आहे. मोनार्क फुलपाखरे कॅनडा आणि अमेरिकेहून येऊन त्याच्याच फांद्यांवर हिवाळा काढतात. मिचोआकान विद्यापीठातले क्वाउतेमोक साएन्झ-रोमेरो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार या झाडाला मानवणाऱ्या हवामानाचे क्षेत्र २०३० च्या सुमारास जवळपास ७० टक्क्यांनी आणि २०९० पर्यंत ९६ टक्क्यांनी आक्रसेल. त्यावर त्यांचा उपाय असा की खालच्या उंचीवरच्या झाडांचे बी घेऊन रोपे काही शे मीटर वर न्यायची, म्हणजे ती मोठी होतील तेव्हा तिथले हवामान त्यांना ओळखीचे झालेले असेल. प्रयोगांत उघड्यावर लावलेली रोपे मोठ्या प्रमाणात मेली आणि स्थानिक झुडपांच्या सावलीत लावलेली तगली. हे काम धाडसाचे आणि आवश्यक आहे. पण महानगराच्या वाऱ्याखालच्या उतारांवर हाच उपाय नेला तर रोपाला उंचीवर गारवा मिळेल, ओझोनपासून सुटका मिळेलच असे नाही. शिवाय सावली आणि ओलावा मिळालेल्या रोपाची रंध्रे अधिक वेळ उघडी राहतात, म्हणजे आपण जितके नीट सांभाळू तितका ओझोन ते आत घेईल. यासाठी सावली काढून घेणे हा उपाय अर्थातच नाही. बी निवडताना उष्णता आणि ओझोन या दोन्ही कसोट्या एकदम लावाव्या लागतील, आणि दोन्हींवर उतरणारी मातृवृक्षांची यादी रोपवाटिका सुरू होण्याआधी तयार असावी लागेल.

हवा शहरांची, ती शहरांनी साफ करावी, वनखात्याने झाडे लावावीत, असे म्हणणे सोयीचे आहे. आणि हवा साफ होतेही. लॉस एंजेलिसमध्ये वाहनांवरच्या कडक नियमांनी १९७० च्या दशकानंतर ओझोनचे शिखर झपाट्याने खाली आले. पण सॅन बर्नार्डिनो परगणा आजही अमेरिकेतल्या सर्वाधिक ओझोनच्या भागांत मोडतो आणि अलीकडच्या वर्षांत सुधारणा मंदावली आहे. याला उष्णताही कारणीभूत आहे. उष्ण, स्थिर हवेत ओझोन अधिक बनतो. झाडे उन्हात अधिक बाष्पे सोडतात. वणव्यांचा धूर कच्चा माल पुरवतो. कोरडी पडलेली झाडे रंध्रे मिटून बसली की हवेतला ओझोन शोषला न जाता तसाच राहतो. निलगिरी, पॉप्लर, ओक यांसारखी झाडे आयसोप्रीन नावाचे बाष्प मुबलक सोडतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी भरलेल्या हवेत त्याचा ओझोन होतो. म्हणून काहीजण झाडांनाच दोषी धरतात, पण ते पटण्यासारखे नाही. वाहनांचा धूर नसलेल्या जंगलात तेच आयसोप्रीन फारसा ओझोन करत नाही. शहरालगतच्या पट्ट्यांत मात्र अशा जातींची सरसकट लागवड टाळावी एवढे यातून निघते. दूरवरून वाहत येणारा जो मूळ ओझोन आहे त्यात मिथेनचा वाटा मोठा. मिथेन घटला तर तापमानवाढीलाही आळा बसतो आणि जंगलांनाही श्वास मिळतो.

उष्ण कटिबंधाकडे या विषयाचे लक्ष उशिरा वळले. २०२४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने उष्ण कटिबंधातल्या जंगलांची वार्षिक वाढ ओझोनमुळे सरासरी ५ टक्क्यांनी घटत असल्याचा अंदाज मांडला. आशियात हा आकडा ११ टक्क्यांच्या जवळ आहे. त्यातली आणखी गंभीर बाब म्हणजे जंगल परत आणण्यासाठी आज आणि उद्या निवडली जाणारी क्षेत्रे या नुकसानीच्या कक्षेत तुलनेने अधिक येतात. पिकांबाबत आपल्याकडे हा हिशोब झालेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवले की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. जी हवा गव्हाचे एवढे नुकसान करते ती झाडांना सोडून देईल असे मानायला आधार नाही.

महाराष्ट्रात यावर एक उत्तर नेहमी तयार असते, ते म्हणजे पावसाळा. त्यात तथ्य आहे. जून ते सप्टेंबर समुद्रावरची स्वच्छ हवा आणि ढग यांमुळे इथला ओझोन तळाला जातो, आणि साग, ऐन यांसारखी पानगळीची झाडे नेमकी याच दिवसांत पानोऱ्यावर असतात. ओझोन चढतो तो हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, तेव्हा साग बराच काळ निष्पर्ण असतो. पण सगळे जंगल सागाचे नाही. कुसुम, करंज, पिंपळ यांना नवी पालवी पावसाच्या किती तरी आधी फुटते आणि ती पाने पूर्ण वाढून कामाला लागतात ती एप्रिल-मेमध्ये, ओझोनच्या ऐन चढाच्या दिवसांत. सह्याद्रीतले जांभूळ आणि अंजनी तर बारमाही पानांचे. दुपारचा खारा वारा मुंबई-ठाणे-पनवेलची हवा घाटमाथ्याकडे नेतो तो त्यांच्यावरच. आणि रोपवनातल्या पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत आपण टँकरने किंवा ठिबकने पाणी देऊन जी रोपे जगवतो, त्यांची रंध्रे भर उन्हाळ्यात उघडी असतात. पाणी तोडा असे कोणी म्हणणार नाही. पण मोठ्या शहरांच्या आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या वाऱ्याखालच्या जागांसाठी जाती निवडताना हे वेळापत्रक डोळ्यांसमोर असले पाहिजे. २०१७ ते २०१९ या काळासाठी राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला, त्यातले ३३ कोटी एकट्या २०१९ मध्ये लावायचे होते. नंतरचा सगळा वाद किती रोपे जगली यावर झाला. जगलेली रोपे किती जोमाने वाढत आहेत हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारायला हवा होता.

आपली हवेची मानके माणसाच्या फुप्फुसांसाठी आहेत. ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत असली की अहवालात सारे ठीक. झाडाचे नुकसान मात्र साठत जाणाऱ्या मात्रेवर ठरते. युरोपात वाढीच्या हंगामातल्या दिवसाच्या प्रत्येक तासाला ओझोन अब्जात ४० भागांच्या जितका वर असेल तितका आकडा बेरजेत धरतात, आणि ही बेरीज ५,००० वर गेली की जंगलाला धोका आहे असे समजतात. अलीकडे तर पानाच्या रंध्रांतून प्रत्यक्ष आत किती गेला याचा हिशोब करतात आणि तो अधिक खरा आहे. हे मोजायला महागडे केंद्र लागतेच असे नाही. वीज न लागणारे छोटे पॅसिव्ह सॅम्पलर झाडावर किंवा खांबावर अडकवून एक-दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेत पाठवता येतात. सॅन बर्नार्डिनोसह अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या दुर्गम जंगलांचे ओझोनचे नकाशे अशाच साधनांनी तयार झाले. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, चंद्रपूर-नागपूरच्या वीजकेंद्रांभोवतीच्या जंगलांत आणि नाशिक-पुण्यालगतच्या नव्या रोपवनांत निदान फेब्रुवारी ते मे हे चार महिने असे सॅम्पलर लावावेत. वनविभागाने, विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी आणि लागवडीसाठी निधी देणाऱ्या कंपन्यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, आणि त्याचे आकडे हाती आल्याशिवाय त्या जागांसाठी जातींची यादी कायम करू नये.